आमिदच्या वेशीवर अडकलेले मुसाफिर

२०२५ सालची रमजान ईद ३१ मार्चला झाली. कामामुळे मला त्या दिवशी कुठे जाता आलं नाही. ३ एप्रिलला सवड काढून नवलाख उंबऱ्याला खालांकडे गेलो. तळेगाव एमआयडीसी झाल्यापासून या गावाची वस्ती पार बदलली आहे. जिथे आधी गोठा होता तिथे आता भाड्याच्या खोल्या आणि खोल्यांत बिहार-यूपीची पोरं. खालांनी माझ्यासाठी शीरखुर्मा राखून ठेवला होता. तो खाताना मोबाईलवर एक बातमी दिसली आणि मी ती मोठ्याने वाचून दाखवली. लंडनहून मुंबईला निघालेलं व्हर्जिन अटलांटिकचं विमान आदल्या दिवशी तुर्कस्तानात दियारबकीर नावाच्या गावी उतरवलं होतं. अडीचशेहून जास्त प्रवासी तिथेच अडकून होते.

खालांनी एकच विचारलं, "अरे, तिथे त्यांना कुणी पाणी तरी विचारलं का?"

बातमीत त्याचं धड उत्तर नव्हतं. पण दियारबकीर हे नाव वाचल्यावर मी तिथेच अडकलो. हे काही आडगाव नाही. आपल्या जुन्या किताबांत याच गावाला आमिद म्हणतात.

आधी विमानाचं पाहू. २ एप्रिलला वाटेत एका प्रवाशाची तब्येत बिघडली. अशा वेळी वैमानिक सोयीचं शहर शोधत बसत नाही, जवळची पुरेशी लांब धावपट्टी बघतो. धावपट्टी पुरेशी नसेल तर काय होतं ते मुंबईने पाहिलेलं आहे. २४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअरलाइन्सचं डीसी-८ सांताक्रूझऐवजी चुकून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरलं आणि पुढे घसरत जाऊन मोडलं. नशीब, जीव कुणाचा गेला नाही. दियारबकीरला धावपट्टी लांब आहे, कारण तिथे तुर्की हवाई दलाचा तळ आहे. विमान उतरलं, आजारी माणसाची सोय झाली. पण चाकं जोरात आपटली होती. असं आपटलं की इंजिनिअरने तपासून कागदावर सही केल्याशिवाय विमान पुन्हा उडवता येत नाही, आणि एवढ्या मोठ्या विमानाचा इंजिनिअर लहान विमानतळावर बसून नसतो. तो बाहेरून येणार. तोवर वैमानिक आणि कर्मचाऱ्यांच्या ड्यूटीचे तास संपतात, मग नवे कर्मचारी हवेत. माणसांना बाहेर हॉटेलात न्यायचं तर व्हिसा नाही. म्हणजे विमान जमिनीवर आहे, माणसं धडधाकट आहेत, आणि तरी कुणाला कुठेच जाता येत नाही. एवढ्या लोकांना एकच संडास होता अशी प्रवाशांची तक्रार छापून आली. अंकाऱ्यातल्या भारतीय वकिलातीने धावपळ केली, पुढे हॉटेलची सोय झाली. चाळीस तासांच्या वर हा मुक्काम चालला.

आता गावाचं. दिजला म्हणजे टायग्रिस नदी, तिच्या काठावर काळ्या बेसॉल्ट दगडाची तटबंदी. आपल्या सह्याद्रीचाही दगड तोच, त्यामुळे लोहगड-विसापूर चढलेल्या माणसाला त्या तटाचे फोटो परके वाटत नाहीत. तट सुमारे पावणेसहा किलोमीटर लांब आहे आणि २०१५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. हजरत उमर यांच्या खिलाफतीत, ६३९ च्या सुमारास, इयाज बिन गनम यांनी हे शहर घेतलं. बकर नावाच्या अरब कबिल्याचा मुलूख म्हणून दियार-बकर. आज ते प्रामुख्याने कुर्दांचं शहर आहे.

याच आमिदच्या अर्तुकी दरबारात अल-जझरी नावाचा कारागीर-इंजिनिअर नोकरीला होता. १२०६ मध्ये त्याने यंत्रांवरचं आपलं पुस्तक पुरं केलं. त्यातलं हत्तीचं घड्याळ जगभर प्रसिद्ध आहे. पण त्या घड्याळाच्या पोटात काय चालतं हे फार थोड्यांना ठाऊक असतं. हत्तीच्या पोटात पाण्याची टाकी, पाण्यात तळाला बारीक भोक असलेलं एक भांडं. भांडं हळूहळू भरतं, बुडतं आणि बुडताना दोरी ओढून वरची सगळी बाहुली हलवतं. हे तर आपलं घटिकापात्र! मराठी लग्नात मुहूर्त साधायला घंगाळात सोडत ते. आपल्याकडे ते चोवीस मिनिटांत बुडायचं, जझरीचं अर्ध्या तासात. हिंदुस्थानचा हत्ती आणि हिंदुस्थानची वेळ मोजायची रीत, दोन्ही आठशे वर्षांपूर्वी या गावात पोचली होती. मुंबईचे प्रवासी तिथे तास मोजत बसले त्याच्या कितीतरी आधी.

त्याहून मला महत्त्वाची वाटते ती तिथली एक सराय. देलिल्लेर हान तिचं नाव. १५२७ मध्ये उस्मानी गव्हर्नर हुसरेव पाशाने बांधली. देलिल म्हणजे वाटाड्या. हजला निघालेल्या काफिल्यांना हिजाजपर्यंत नेणारे वाटाडे इथे जमायचे, म्हणून हे नाव. म्हणजे परमुलखातल्या माणसाला उतरवून घ्यायचं, त्याची विचारपूस करायची आणि पुढच्या वाटेला लावायचं, हे काम या गावाने पिढ्यान्‌पिढ्या केलेलं आहे. त्या इमारतीत आता हॉटेल चालतं.

सराय म्हटलं की आपल्याला एक दालन आणि एक विहीर एवढंच दिसतं. पण तुर्कस्तानातच कायसेरीजवळ कराताय हान आहे, तिची १२४७ ची वक्फची सनद शिल्लक आहे. येणारा मुसलमान असो की नसो, पुरुष असो की बाई, मोकळा असो की गुलाम, प्रत्येकाला रोटी, मटण आणि शिजलेलं अन्न सारखंच द्यावं असं तीत लिहिलं आहे. जनावराला चारा, घोड्याला नाल, आणि मुसाफिराचा जोडा फाटला असेल तर तो शिवून द्यायचा. जुम्म्याला मधाचा हलवा. माणसाच्या भलेपणावर काहीच सोडलेलं नाही, पैसा कुठून येणार तेही लिहून ठेवलं आहे. वक्फ म्हणजे फक्त मशिदी-कबरस्तानांची जमीन असं मानणाऱ्यांनी, आणि त्यात आपलेही पुष्कळ आले, हा जोड्याचा खर्च जरूर आठवावा.

कुरआनात जकातीचे हकदार मोजले आहेत, त्यांत इब्नुस्सबील म्हणजे वाटेवर अडकलेला माणूस येतो. फिकहवाल्यांनी त्याचा अर्थ बारकाईने लावला. हा माणूस आपल्या घरी श्रीमंत असला तरी चालेल. आत्ता, या ठिकाणी, त्याचा पैसा त्याच्या कामाचा नाही, एवढं पुरे. खिशात क्रेडिट कार्ड, हातात आयफोन, आणि दियारबकीरच्या बंद टर्मिनलमध्ये फरशीवर झोपलेला मुंबईकर याहून नेमका इब्नुस्सबील दुसरा कोण?

पण मी जुना काळ गोड करून सांगतोय असं वाटायला नको. मुंबईहून जाणाऱ्या हाजींच्या आगबोटी तांबड्या समुद्रात येमेनजवळच्या कामरान बेटाला लागत. १८६५ मध्ये हजच्या वेळी कॉलऱ्याची साथ पसरून ती युरोपात पोचली, तेव्हापासून हाजी म्हणजे रोग असं समीकरण झालं. १८८२ मध्ये उस्मानी सरकारने कामरानला क्वारंटाइनचा तळ केला. पहिल्या महायुद्धात तो इंग्रजांनी घेतला. तिथे माणसांना उतरवायचं, कपडे वाफेच्या भट्टीत घालायचे, दिवसेंदिवस कुंपणात ठेवायचं आणि या सगळ्याची फी हाजींकडूनच वसूल करायची. कोकणातल्या आणि मुंबईतल्या किती गरिबांनी ती भरली असेल! म्हणजे मुसाफिराला सरायही मिळाली आणि कुंपणही. कामरान पहिल्यांदा चालवलं ते मुसलमान खलिफाच्याच सरकारने.

आजच्या विमानतळांवरही दोन्ही दिसतं. ६ जून २०२३ ला एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान इंजिनाच्या बिघाडामुळे रशियाच्या पूर्व टोकाला मगदानला उतरलं. २१६ प्रवासी होते. मगदान म्हणजे स्टालिनच्या काळात कोलिमाच्या छावण्यांकडे कैदी उतरवायचं बंदर. त्या गावाने या लोकांना शाळेत, वसतिगृहांत गाद्या टाकून दिल्या. त्यांना पुढे न्यायला दुसरं विमान मुंबईहून गेलं. आणि २००१ च्या ११ सप्टेंबरला अमेरिकेचं आकाश बंद झालं तेव्हा न्यूफाउंडलंडमधल्या गँडरला ३८ प्रवासी विमानं उतरली. गाव दहा हजारांच्या आसपास, पाहुणे साडेसहा हजारांहून जास्त. लोकांनी घरं उघडली.

कायदा काय म्हणतो? १९४४ च्या शिकागो कराराचं २५ वं कलम आहे. भारतानेही त्यावर सही केली आहे. संकटात सापडलेल्या विमानाला आपल्या हद्दीत जमेल तेवढी मदत करावी, असा त्याचा आशय. या "जमेल तेवढी"वर माझं बोट अडतं. कराताय हानच्या सनदेत हे दोन शब्द नाहीत.

कार्तिकीला कोकणातल्या दिंड्या खोपोलीचा घाट चढून लोणावळा, कामशेत, वडगाववरून आळंदीला जातात. वाटेतल्या गावांना त्यांच्या मुक्कामाची सवय आहे. एखादी दिंडी पावसाने भलत्याच गावात थांबली तरी रात्री चुली पेटतात. खालांना या दिंड्या चांगल्या माहीत, म्हणून तर त्यांचा पहिला प्रश्न पाण्याचा होता.

४ एप्रिलच्या दुपारी ते विमान दियारबकीरहून उडालं आणि रात्री मुंबईला पोचलं. मी खालांना फोन करून सांगितलं. "पोचले ना सगळे? बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवून खोलीवाल्या पोरांच्या पाण्याच्या मोटारीचं बटण बंद करायला गेल्या.