बाबू गेनू : एका स्वयंसेवकाचे चरित्र

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात, आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ या गावी एका गरीब शेतकरी कुटुंबात बाबू गेनू सैद याचा जन्म झाला. जन्मसाल सामान्यतः 1908 असे दिले जाते. बाबू हे त्याचे नाव, गेनू हे वडिलांचे. आडनाव लोकस्मृतीतून गळाले आणि गावात कष्टकऱ्यास ज्या रीतीने ओळखतात त्याच रीतीने तो इतिहासातही ओळखला जातो.

जुन्नर, आंबेगाव व खेड या तालुक्यांचा मुंबईशी संबंध जुना आहे. पश्चिमेस डोंगरउतारावरील भातखाचरे, पूर्वेस पावसाच्या भरवशावरील जिराईत. एवढ्यावर ज्यांचे भागत नसे ती माणसे घाट उतरून मुंबईस जात. कोणी गिरणीत लागे, कोणी डबे वाही, कोणी बाजारात हमाली करी. बाबू गेनू गिरणीकामगार झाला. 1928 साली मुंबईच्या गिरण्यांत सहा महिने सार्वत्रिक संप चालला होता. त्यापाठोपाठ जागतिक मंदी आली. 1930 च्या कायदेभंगात कामगारवस्तीतून स्वयंसेवक का मिळाले, याचा विचार करताना ही पार्श्वभूमी दृष्टीआड करून चालणार नाही. वडाळ्याच्या मीठ-सत्याग्रहात भाग घेऊन बाबू गेनूने तुरुंगवासही भोगला.

12 डिसेंबर 1930, शुक्रवार. परदेशी कापडाने भरलेली मालमोटार पोलिस बंदोबस्तात कालबादेवीच्या भागातून निघाली असता निरोधनास उभे असलेले स्वयंसेवक तिला आडवे झाले. बाबू गेनूच्या अंगावरून ती गेली आणि त्याचा अंत झाला. देशी चालकाने गाडी पुढे नेण्यास नकार दिल्यावर गोऱ्या सार्जंटने ती स्वतः हाकली, असे परंपरेने सांगितले जाते. सरकारपक्षाने हा अपघात ठरविला. चालकाच्या आसनावर कोण होते हा वाद महत्त्वाचा खरा. पण माझ्या मते त्याला अवाजवी वजन मिळाले आहे. समोर नि:शस्त्र माणसे असताना बंदोबस्त देऊन माल हलवावयाचाच, हा निर्णय आसनावरील माणसाचा नव्हता.

शेजारच्या खेडचे शिवराम हरी राजगुरू यांचाही जन्म 1908 चा. बाबू गेनूनंतर 101 दिवसांनी, 23 मार्च 1931 रोजी, ते फाशी गेले. एकाने शस्त्र धरले, दुसरा रिकाम्या हातांनी गेला, हा भेद सर्वपरिचित आहे. चरित्रकारास दुसरा भेद अधिक जाणवतो. राजगुरूंवर लाहोरच्या विशेष न्यायाधिकरणापुढे खटला चालला आणि सरकारी दप्तरानेच त्यांच्या हालचाली टिपून ठेवल्या. गिरणीकामगाराच्या दैनंदिन जीवनाची अशी नोंद कोण ठेवणार? म्हणून बाबू गेनूची बहुतेक चरित्रे त्याच्या अखेरच्या दिवशीच सुरू होतात आणि त्याच दिवशी संपतात. बावीस वर्षे दोन वाक्यांत उरकतात.

ही उणीव गौरवपर विशेषणांनी भरून निघणारी नाही. गावचे जमिनीचे उतारे, कोतवाल-बुकातील जन्ममृत्यूच्या नोंदी, तुरुंगांची नोंदपुस्तके, गिरण्यांचे हजेरीपट ही साधने रूक्ष आहेत. पण स्वयंसेवक होण्यापूर्वीचा माणूस सापडला तर तेथेच सापडेल, आणि या तालुक्यांतून आलेल्या विद्यार्थ्यांना ती वाट इतरांहून सोपी आहे.

स्मारकांची मात्र वाण नाही. कालबादेवीतील रस्त्यास त्याचे नाव आहे. घोड नदीवर डिंभे येथे धरण झाले, त्याचा जलाशयही हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणून ओळखला जातो. ज्या आंबेगाववरून तालुक्यास नाव मिळाले, ते जुने गाव त्याच जलाशयाखाली आहे.