सोवर, होवर, ओवर : मिठाचा नकाशा

आज बोलूया मिठावर. गोंडीत मीठ म्हणजे सोवर. पण हे उत्तर-पश्चिमेकडे. मधल्या भागात त्याचं होवर होतं आणि दक्षिण-आग्नेयेला नुसतं ओवर. सहा आकडाही तसाच: सारुंग, हारुंग, आरुंग. बैतूलपासून आदिलाबाद-बस्तरपर्यंत गोंडी पसरलीय, आणि आपले चंद्रपूर-गडचिरोली त्याच वाटेवर.

आता 'तुमची गोंडी बिघडलेली' हे वाक्य मी इकडे ऐकलंय. मग खरं कोणाचं?

जिनिव्हात सोस्यूर नावाचे प्राध्यापक होते. त्यांची व्याख्यानं १९१६ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, पुस्तकात आली. ते म्हणायचे, बुद्धिबळाचा डाव मध्येच बघायला आलात तरी पट समजतो, आधीच्या चाली माहीत नसल्या तरी चालतं. भाषेचंही तेच. आज ती कशी चालते हा एक अभ्यास, ती इथवर कशी आली हा दुसरा. त्या हिशेबानं ओवर म्हणणाऱ्याच्या गोंडीत काहीच कमी नाही. तिचा पट पूर्ण आहे.

पण मला खरी मजा वाटते ती भद्रिराजू कृष्णमूर्तींच्या कामात. १९९८ च्या लेखात त्यांनी गोंडीच्या बोलींमधला हाच 'स' तपासला. आधी 'स', मग 'ह', मग काहीच नाही. आणि हा बदल एका झटक्यात नाही, शब्दाशब्दानं पसरत गेलेला. म्हणजे आजच्या गावांचा नकाशा हाच इतिहास! जुनी गोंडी कागदावर फारशी नाहीच, म्हणून हे मोलाचं.

उलटं झालं नसेल कशावरून? 'एक'ला गोंडीत उंदी म्हणतात, सुंदी कुणी म्हणत नाही. आधी नुसता स्वरच असता, तर 'स' नेमका ओवरलाच का चिकटला असता, उंदीला का नाही? शिवाय 'स'चा 'ह' होणं जगभर दिसतं. संस्कृत सप्ताह, फारसीतून आलेला हप्ता. आणि सिरोंच्यात तेलुगू ऐकलीत तर मीठ उप्पु, सहा आरु. याच कुळातल्या तेलुगूनं तो आवाज केव्हाच सोडलाय. तिला बिघडलेली म्हणतं का कुणी?

२०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे २९ लाख ८४ हजार. आठव्या अनुसूचीत मात्र ती नाही. धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली. उद्या सगळ्यांसाठी एकच पुस्तक छापायचं ठरलं, तर त्यात मीठ कसं लिहायचं? माझं मत, तिन्ही छापा. तुमच्या घरी काय म्हणतात, व्हॉइस नोट पाठवा.