पोपटीचं मडकं आणि वालाचं शेत

थंडी पडली की कर्जत-खालापूरच्या रस्त्यांना फलक लागतात, 'गावठी पोपटी मिळेल'. शनिवार-रविवार फार्महाऊसवर मडकी लागतात, गावातल्या चार पोरांना काम मिळतं. चांगलंच आहे. पण मंडळी, एकदा विचारून बघा, मडक्यातल्या शेंगा कुठल्या? "बाजारातनं आणल्या" असं उत्तर आलं, तर त्यामागे आपल्या तालुक्यांचा मोठा इतिहास आहे.

पोपटी कधी सुरू झाली, कोणी केली, याचा कागद नाही. राखणीला बसलेल्या माणसांच्या जेवणाचा कागद कोण करणार? पण मडकंच बरंच सांगतं. दिवाळीच्या सुमाराला भात कापलं की जमिनीत ओल राहते. त्या ओलीवर आणि दवावर, वेगळं पाणी न देता वाल येतो. पौष-माघात शेंगा भरतात. बांधावर भांबुर्डीचा पाला आपोआप उगवलेला असतो. मडकं कुंभाराचं, जाळायला पेंढा, काटक्या, गोवऱ्या. विकत आणायचं ते जाडं मीठ आणि ओवा. तळाला पाला, वर शेंगा, तोंडाशी पुन्हा पाला ठासायचा, मडकं उपडं घालायचं आणि भोवती जाळ. आत पाण्याचा थेंब नाही. सगळं पाल्याच्या आणि शेंगांच्या वाफेवर शिजतं. मडक्यावर पाणी शिंपडलं आणि चर्र होऊन लगेच उडालं की झाली पोपटी.

म्हणजे सगळा मसाला एका शेतातला! त्यात बटाटा मागाहून आला. पोर्तुगिजांनी तो आपल्याकडे आणला, त्याचं नावही त्यांच्याच भाषेतलं. अंडी, केळीच्या पानात बांधलेली कोंबडी हीसुद्धा ऐपतीप्रमाणे. मार्गशीर्ष पाळणारी घरं आजही आधी नुसत्या शेंगांची पोपटी लावतात आणि कोंबडीसाठी महिना संपायची वाट बघतात. तिकडे फिलिपिन्समध्ये आख्खं भाजलेलं डुक्कर, त्यांचं लेचोन, असल्याशिवाय मोठा सण पुरा होत नाही. तिथे मान जनावराचा. आपल्याकडे मान शेंगेचा, कोंबडी पाहुणी.

आणि ही रीत एकट्या रायगडची नाही. वलसाड-सुरतकडे 'उंबाडियुं' करतात. तसंच उपडं मडकं, तशीच पापडीची शेंग, आणि पालाही तसाच उग्र वासाचा, त्याला तिकडे 'कलार' म्हणतात. घाटावर हुरडा, घाटाखाली शेंगा. जिथे जे पिकतं त्याच्याभोवती माणसं जमतात.

आता जमिनीचं. आपल्या भागात कितीतरी पिढ्या कुळांनी दुसऱ्याची जमीन कसली. कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कसणारं कूळ मालक मानलं गेलं. आजोबांच्या नावाने सातबारा झाला, तो दिवस जुनी माणसं अजून सांगतात. पुढे २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि मुंबई दीड-दोन तासांवर आली. आजोबांनी मिळवलेली जमीन नातवांनी गुंठ्यांत विकली. कोणाला नावं ठेवत नाही. लग्न, आजारपण, शिक्षण कोणाला चुकलंय? नुसत्या भातावर घर चालतही नाही.

पण वालाचं एक गणित असतं, ते विकताना लक्षात येत नाही. भात कापलं की गुरं मोकळी सुटतात. सगळ्या आळीने वाल पेरला तर सगळी मिळून राखण होते. मधल्या चार शेतांना तारेचं कुंपण पडलं, दोन पडीक राहिली, की उरलेल्या एकट्याने वाल पेरून काय करायचं? रात्रभर गुरं हाकायची? तोही सोडून देतो. शेत विकलं एकाने, वाल गेला दहा जणांचा. आणि वालाच्या मुळांनी भाताला जे खत फुकट मिळायचं, तेही गेलं.

अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालं, कारण तिथले शेतकरी तो लावत राहिले. आपल्या वालाचं नाव व्हायला आधी वाल शेतात पाहिजे. ग्रामसभेत दोन साधे विषय घेता येतील: शेंगा निघेपर्यंत गुरं बांधून ठेवायची, आणि गावच्या हद्दीतल्या फार्महाऊसवाल्यांनी शेंगा गावातूनच घ्यायच्या. याला ना निधी लागतो, ना मंत्र्याची सही.

पोपटीचा धंदा वाढतोय, वाढू दे. पण मडकं आपलं, जाळ आपला आणि शेंग परक्याची, ही पोपटी आपली कशी म्हणायची?

तुमच्या आळीत यंदा किती जणांनी वाल पेरलाय? गावाच्या नावासकट खाली लिहा.