मारी-जोझेफ, सॅक्सनीची

(४ नोव्हेंबर १७३१ – १३ मार्च १७६७). फ्रान्सचा युवराज लुई याची दुसरी पत्नी आणि सोळावा लुई, अठरावा लुई व दहावा चार्ल्स या तीन राजांची आई. जन्म ड्रेस्डेन येथे. वडील तिसरा ऑगस्टस हे सॅक्सनीचे इलेक्टर व पोलंडचे राजे. आई मारिया योझेफा ही हाब्सबुर्ग सम्राट पहिला योझेफ याची मुलगी. सॅक्सनीची प्रजा ल्यूथरपंथी असली, तरी पोलंडच्या गादीसाठी आजोबांनी १६९७ मध्ये कॅथलिक पंथ स्वीकारला होता. आजोबांसाठी जो राजकारणाचा भाग होता, तो पुढच्या पिढीत घराचा श्वास झाला. ड्रेस्डेनच्या राजवाड्यात मारी-जोझेफला प्रार्थना, उपवास आणि संगीत यांचे वळण बालपणीच लागले.

विवाह : युवराजाची पहिली पत्नी, स्पेनची मारिया तेरेसा, २२ जुलै १७४६ रोजी बाळंतपणात वारली. गादीला वारस हवा म्हणून सात महिन्यांच्या आत दुसरा विवाह ठरला. सेनापती मॉरिस द साक्स हे मारी-जोझेफचे सावत्र चुलते. फाँतन्वाच्या लढाईतील विजयामुळे फ्रान्समध्ये त्यांच्या शब्दाला वजन होते. त्यांनी हे स्थळ पुढे केले आणि राजा पंधरावा लुई याची प्रेयसी मादाम द पॉम्पादूर हिनेही पाठिंबा दिला. विवाह ९ फेब्रुवारी १७४७ रोजी व्हर्सायला झाला. वधू पंधरा वर्षांची होती. बिजवर सतरा वर्षांचा आणि पहिल्या पत्नीच्या शोकात बुडालेला होता. त्याच्या अश्रूंचा राग न धरता तिने त्याचे दुःख मानाने सांभाळले, असे समकालीन सांगतात. हळूहळू तो तिच्यावर जीव लावू लागला.

सासरी आणखी एक अवघड गाठ होती. सासू मारी लेश्चिन्स्का हिचे वडील स्तानिस्लास यांना पोलंडची गादी गमवावी लागली होती, आणि त्या गादीवर मारी-जोझेफचे वडील बसले होते. नव्या सुनेने माहेरच्या वडिलांचे चित्र असलेले कंकण घालण्याची रीत होती. राणीने ते पाहायला मागितले, तेव्हा सुनेने त्यात स्तानिस्लास यांचे चित्र दाखवले, अशी आख्यायिका आहे. पुढे दोघींचे चांगले जमले. दोघीही धर्मनिष्ठ होत्या आणि दरबाराच्या झगमगाटात दोघींचे मन रमत नसे.

स्वभाव : १७५२ मध्ये युवराजाला देवी आल्या. संसर्गाची पर्वा न करता तिने रात्रंदिवस त्याच्या उशाशी बसून शुश्रूषा केली. तिला न ओळखणाऱ्या पॅरिसच्या एका डॉक्टराने तिला पगारी परिचारिका समजून तिचे कौतुक केले, अशी कथा प्रसिद्ध आहे. पॉम्पादूरविषयी युवराजाच्या मनात उघड तिटकारा होता. मारी-जोझेफने मात्र तिच्याशी सौजन्य सोडले नाही. सासरे पंधरावा लुई यांच्या मर्जीत ती कायम राहिली.

तिचा धर्म ऐषआरामातला नव्हता. तो दुःखात घासून निघाला. १७५६ मध्ये प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिकने सॅक्सनी व्यापली. वडील वॉर्साला गेले, आई ड्रेस्डेनमध्येच राहिली आणि पुढच्या वर्षी तिथेच वारली. याच काळात मारी-जोझेफने तीन मुले गमावली : झेव्हिए (१७५४), मारी-झेफिरीन (१७५५) आणि सर्वांचा लाडका थोरला मुलगा, बर्गंडीचा ड्यूक (१७६१).

धर्म व राजकारण : युवराज दांपत्य दरबारातील धर्मनिष्ठ गटाचा आधार होते. मंत्री श्वाझल यांच्याबद्दल त्यांना अविश्वास होता आणि जेझुइट संघाविषयी जिव्हाळा. तिच्या तीन मुलग्यांच्या नावांत झेव्हियर हे नाव येते. जुन्या गोव्यातील बॉम जेझूस बासिलिकेत ज्यांचे शव आहे, त्याच जेझुइट संत फ्रान्सिस झेव्हियर यांचे. तरीही १७६४ मध्ये राजाच्या फर्मानाने फ्रान्समधील जेझुइट संघ बरखास्त झाला. दरबारी राजकारणात तिची शक्ती मर्यादित होती, हे यातून दिसते.

आई म्हणून : २० डिसेंबर १७६५ रोजी फाँतेन्ब्लो येथे युवराज क्षयाने वारला. त्याची सेवा करताना तिलाही तोच रोग जडला. उरलेल्या पंधरा महिन्यांत तिने मुलांच्या, विशेषतः अकरा वर्षांच्या लुई-ऑग्यूस्तच्या (पुढचा सोळावा लुई), शिक्षणात लक्ष घातले. धर्म, इतिहास आणि कर्तव्य यांवर भर होता. युवराजाने आपल्या हयातीत मुलांना पॅरिशची नोंदवही दाखवून राजा व गरीब यांची नावे देवापुढे एकाच पानावर असतात हे समजावले, असे चरित्रकार लिहितात. घरातील शिकवणीचा सूर हाच होता.

प्रभाव व मूल्यमापन : धाकटी मुलगी एलिझाबेथ आईच्या मृत्यूवेळी तीन वर्षांचीही नव्हती. म्हणून आईचा प्रभाव मुख्यतः तिने घालून दिलेल्या घरच्या वळणातून, शिक्षक व आत्यांमार्फत पोहोचला. तो सर्वांवर सारखा पडला नाही; अठरावा लुई श्रद्धेपेक्षा व्यवहाराने चालला. उलट थोरली मुलगी क्लोतिल्द सार्डिनियाची राणी असूनही साधेपणाने जगली आणि १८०८ मध्ये पोप सातवे पायस यांनी तिला वंदनीय घोषित केले. एलिझाबेथने फ्रेंच क्रांतीच्या संकटात भावाला, सोळाव्या लुईला, सोडले नाही. १० मे १७९४ रोजी तिला गिलोटिनवर मृत्यू आला. सोळाव्या लुईने धर्मगुरूंना राज्याच्या अधीन करणाऱ्या कायद्याला १७९० मध्ये संमती दिली आणि त्या संमतीची टोचणी त्याला शेवटपर्यंत राहिली. मृत्युपत्रात त्याने शत्रूंना क्षमा केली. दहाव्या चार्ल्सने मात्र श्रद्धेलाच राज्यकारभार मानले. १८२५ चा पावित्र्यभंगाविरुद्धचा कायदा त्याच्याच कारकिर्दीतला, आणि १८३० च्या क्रांतीत त्याची गादी गेली.

मारी-जोझेफने मुलांना सदसद्विवेक दिला, मरणाला सामोरे जाण्याचे धैर्य दिले. बदलत्या काळात राज्य कसे राखावे, हे मात्र त्या घरात कोणीच त्यांना शिकवू शकले नाही. तिच्या वारशाचे बळ आणि मर्यादा दोन्ही इथेच आहेत. व्हर्साय येथे निधन झाल्यावर तिला साँस येथील कॅथेड्रलमध्ये पतीशेजारी पुरण्यात आले. गियोम कुस्तू (दुसरा) याने घडवलेले त्या दोघांचे संगमरवरी स्मारक आजही तिथे उभे आहे.