नवऱ्याच्या चाकरीची साक्षीदार

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातील (१७७५–८३) स्त्रियांचा विषय निघाला की तोफेजवळ उभ्या असलेल्या एखाद्या वीरांगनेचे चित्र हमखास पुढे केले जाते. मला त्याहून मोलाचे वाटतात ते पेन्शनचे अर्ज. त्यांतही सारा ऑस्बर्न हिची १८३७ ची जबानी मी पुन्हा पुन्हा वाचत आले आहे.

तेव्हा ती ८१ वर्षांची होती, पेनसिल्व्हेनियात राहत होती. सैनिकांच्या विधवांना १८३६ च्या कायद्याने पेन्शन देऊ केली होती. मात्र नवऱ्याने फौजेत चाकरी केल्याचे शाबीत करावे लागे. त्यासाठी सारा जे पाहिले ते सांगू लागली, आणि त्या ओघात आपण काय केले तेही सांगून गेली. फौजेबरोबर ती थेट यॉर्कटाउनपर्यंत गेली होती. शिपायांचे कपडे धुणे, शिवणे, रांधणे हे तर रोजचेच. १७८१ च्या वेढ्यात मांस, पाव आणि कॉफी घेऊन ती खंदकांत जाई. तोफगोळ्यांची भीती नाही वाटत, असे खुद्द वॉशिंग्टनने तिला विचारले. माणसांनी लढायचे आणि वर उपाशीही राहायचे हे कसे चालेल, अशा अर्थाचे उत्तर तिने दिले. याच वॉशिंग्टनने १७७७ साली फौजेमागून येणाऱ्या बायका म्हणजे लोढणे आहे, अशी तक्रार केली होती!

पन्नासहून अधिक वर्षांनंतरच्या या आठवणी कितपत विश्वसनीय? शरणागतीच्या वेळी ब्रिटिश फौजेच्या अग्रभागी धिप्पाड सेनानी होता, त्याच्या गालांवरून आसवे ओघळत होती, पण तो कॉर्नवॉलिस नव्हे, असे ती स्पष्ट सांगते. ते बरोबर आहे. आजाराचे कारण सांगून कॉर्नवॉलिसने त्या दिवशी जनरल ओहाराला पाठवले होते. (हाच कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये आपल्याकडे गव्हर्नर जनरल होऊन आला, कायमधाऱ्यामुळे तो आपल्याला शाळेपासून माहीत.)

साराला पेन्शन मंजूर झाली, पण ती आरन ऑस्बर्नच्या चाकरीबद्दल. युद्धानंतर तिला सोडून ज्याने दुसरीशी लग्न लावले, तोच हा आरन. तिने खंदकात नेलेली कॉफी सरकारदरबारी केवळ त्याच्या हजेरीचा पुरावा ठरली.

ज्यांनी शस्त्र हाती घेतले त्यांचे काय? मार्गारेट कॉर्बिन १७७६ मध्ये फोर्ट वॉशिंग्टनच्या लढाईत नवरा पडल्यावर तोफ चालवताना जबर जखमी झाली. काँग्रेसने १७७९ मध्ये तिला शिपायाचा निम्मा पगार बांधून दिला. निम्माच. डेबोरा सॅम्पसन पुरुषवेशात फौजेत राहिली. तिला १८०५ मध्ये पेन्शन मिळाली. तिच्या मृत्यूनंतर तिचा नवरा बेंजामिन गॅनेट याने सैनिकाचा विधुर म्हणून अर्ज केला. कायद्यात विधवा होती, विधुर नव्हता. अखेर १८३८ मध्ये काँग्रेसने खास कायदा करून ती रक्कम मंजूर केली. पण तोवर गॅनेटही वारला होता, आणि ती त्यांच्या वारसांच्या हाती गेली.