आलंकारिक प्रश्न

आलंकारिक प्रश्न : माहिती मिळवण्यासाठी नव्हे, तर वक्त्याला हवे असलेले उत्तर श्रोत्यांकडूनच, निदान मनातल्या मनात, वदवून घेण्यासाठी भाषणात योजलेला प्रश्न. त्याचा अर्थ बहुधा शब्दांच्या उलट असतो. ‘हे कुणाला पटेल?’ म्हणजे कुणालाही पटणार नाही, आणि ‘हे कुणाला ठाऊक नाही?’ म्हणजे सर्वांना ठाऊक आहे. हा अर्थ ज्या स्वरभेदाने कळतो त्यास संस्कृत काव्यशास्त्रात ‘काकु’ म्हणतात. भरताच्या नाट्यशास्त्रात तिचा विचार नटाच्या उच्चारणाच्या अंगाने, तर मम्मटाच्या काव्यप्रकाशात वक्रोक्तीचा एक प्रकार म्हणून आला आहे.

रोमन वक्तृत्वशास्त्रज्ञ क्विंटिलियन याने (इ. स. पहिले शतक) जाणून घेण्यासाठी विचारलेला प्रश्न आणि मुद्दा ठसवण्यासाठी विचारलेला प्रश्न यांत स्पष्ट भेद केला व दुसऱ्याचे उदाहरण म्हणून सिसेरोने इ. स. पू. ६३ मध्ये कॅटिलिनविरुद्ध केलेल्या पहिल्या भाषणाचा आरंभ दिला. रोमची सत्ता उलथवण्याच्या कटाचा सूत्रधार कॅटिलिन सिनेटमध्ये समोर बसलेला असताना, तो आमच्या सहनशीलतेचा अंत आणखी किती काळ पाहणार, असे सिसेरो त्यालाच विचारतो. प्रश्न एकाला असला तरी उत्तर द्यायचे असते ते भोवतीच्या सभासदांनी.

‘किती काळ’ हाच प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत विचारला, पण तो ‘आपण’ या कर्त्याने : राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, हा विरोध आपण कोठवर जगणार? येथे आरोपी समोर बसलेला नाही, विचारणाराही त्यात धरलेला आहे. शिवाय उत्तर श्रोत्यांवर न सोडता, समता दीर्घकाळ नाकारली तर राजकीय लोकशाहीच धोक्यात येईल, असे ते स्वतः देतात. त्याच भाषणात, भारतीय लोक देशाला पंथापेक्षा वरचे स्थान देतील की पंथाला देशापेक्षा, हा प्रश्न विचारून मात्र ते आपल्याला ठाऊक नसल्याचे सांगतात. ऐकताना आलंकारिक वाटणारा प्रश्न असा खराखुरा उघडा ठेवणे वक्तृत्वात विरळाच.

छापील मजकुरात काकु ऐकू येत नाही. १८९७ साली केसरीतील अग्रलेखाला टिळकांनी ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ असा मथळा दिला, तेव्हा सूर वाचकानेच पुरवायचा होता. प्लेगच्या बंदोबस्तावरील इंग्रज अधिकारी रँड याच्या हत्येनंतर पुण्यात सरकारने जो कडकपणा आरंभला होता तो पाहता, ते कुणाला अवघड गेले नसावे.