सर्वांना सामावून घेणाऱ्या खेळांत करिअर कसं करायचं? वर्ध्यातल्या तरुणांनी कुठून सुरुवात करावी?

पीटीचा तास सुरू झाला की कबड्डीचे दोन गट पडतात. एखाद्या मुलाला चालायला त्रास होतो किंवा कमी दिसतं. मग त्याला काम मिळतं ते सगळ्यांची दप्तरं सांभाळायचं. त्या मुलालाही खेळात घेणं हे आता शिकण्याचं आणि पगार मिळवण्याचं काम झालं आहे. वर्धा जिल्ह्यात राहून या क्षेत्रात कसं शिरायचं, ते समजून घेऊया.

नेमकं काम काय असतं?

वस्ती, शाळा किंवा गावात सगळ्यांना भाग घेता येईल असे खेळ घेणं. त्यासाठी चार गोष्टी बदलता येतात: जागा, नियम, साहित्य आणि माणसं.

लगोरी घ्या. व्हीलचेअरवरच्या मुलाला जवळून नेम धरू द्या आणि मोठा चेंडू वापरा. कमी दिसणाऱ्या मुलासाठी चेंडू प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, म्हणजे त्याचा आवाज येतो. ऐकू न येणाऱ्या मुलासाठी शिट्टीसोबत रंगीत रुमाल हलवा. याला फारसा खर्च येत नाही, पण कोणासाठी काय बदलायचं हे कळणारा माणूस लागतो.

कायदा काय सांगतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 मध्ये 21 प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे. कलम 16 नुसार, सरकारी निधी किंवा मान्यता असलेल्या शैक्षणिक संस्थांनी दिव्यांग मुलांना खेळ आणि करमणुकीची संधी इतरांच्या बरोबरीने द्यायची आहे. म्हणजे ‘तू बस, गुण मोज’ असं म्हणून शाळेची जबाबदारी संपत नाही.

शिक्षण कुठलं घ्यायचं?

या कामासाठी एकच ठरलेली पदवी नाही. वाटा अनेक आहेत.

• बी.पी.एड.: पदवीनंतर दोन वर्षांचा शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रम. शेजारच्या अमरावतीत 1914 साली सुरू झालेलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ शारीरिक शिक्षणासाठी देशभर ओळखलं जातं. 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या चमूने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती.
• विशेष शिक्षणातलं डी.एड. किंवा बी.एड.: यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता आवश्यक असते. प्रवेशाआधी परिषदेच्या संकेतस्थळावर संस्थेचं नाव तपासा.
• एम.एस.डब्ल्यू.: लोकांना सोबत घेऊन उपक्रम उभा करण्याचं शिक्षण. वर्ध्यातल्याच महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात समाजकार्य शिकता येतं.
• फिजिओथेरपी: शरीराच्या हालचालींची बाजू समजून घ्यायची असेल, तर सावंगी (मेघे) इथे महाविद्यालय आहे.

यातली एक वाट निवडा आणि दुसरीतलं जमेल तेवढं शिका. बी.पी.एड. झालेल्याला खाणाखुणांची भाषा येत असेल, तर त्याचा उपयोग जास्त होतो.

काम कुठे मिळतं?

वर्ध्यापासून सुमारे 75 किलोमीटरवर नागपूर आहे. तिथे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी 2001 साली वस्तीतल्या मुलांसाठी फुटबॉल सुरू केला. त्यातून ‘स्लम सॉकर’ ही संस्था उभी राहिली. 2022 चा ‘झुंड’ हा चित्रपट बारसे यांच्याच कामावर आधारलेला आहे. 1999 साली मुंबईत सुरू झालेली ‘मॅजिक बस’ खेळांमधून मुलांसोबत काम करते. ‘स्पेशल ऑलिम्पिक्स भारत’ बौद्धिक दिव्यांग खेळाडूंसाठी काम करते. त्यांच्या ‘युनिफाइड स्पोर्ट्स’ प्रकारात दिव्यांग आणि इतर खेळाडू एकाच संघात खेळतात.

याशिवाय विशेष शाळा, समग्र शिक्षा अभियान, पुनर्वसन केंद्रं आणि क्रीडा कार्यालयं हेही पर्याय आहेत. नोकरी शोधताना ‘कम्युनिटी कोऑर्डिनेटर’, ‘स्पोर्ट फॉर डेव्हलपमेंट’, ‘रिसोर्स टीचर’ हे शब्द वापरा. जाहिरातीत ‘समावेशक खेळ’ असं क्वचितच लिहिलेलं असतं.

अडचण काय आहे?

यातली बरीच कामं कंत्राटी किंवा प्रकल्पापुरती असतात. निधी संपला की पद संपतं. म्हणून मान्यताप्राप्त पदवी हाताशी असलेली बरी. घरच्यांना काम समजावतानाही तिचा उपयोग होतो.

आजपासून काय करता येईल?

पदवी पूर्ण होण्याची वाट बघू नका. आर्वी असो, हिंगणघाट असो की समुद्रपूर, आपल्या गावातल्या शाळेच्या मुख्याध्यापकांची परवानगी घ्या आणि दर रविवारी एक तास खेळ घ्या. पालकांची लेखी संमती घ्या. दोन मोठी माणसं कायम हजर ठेवा. लहान मुलांसोबत काम करायचं असल्याने पॉक्सो कायदा 2012 वाचून ठेवा. मे महिन्यात इथला पारा 45 अंशांच्या आसपास जातो, त्यामुळे तेव्हा खेळ सकाळीच उरका.

एक वही ठेवा. किती मुलं आली, कोण बाहेर बसलं, का बसलं, पुढच्या रविवारी कोणता नियम बदलला आणि मग ते मूल खेळलं का, एवढंच लिहा. मुलांची नावं आणि फोटो मात्र परवानगीशिवाय सोशल मीडियावर टाकू नका.

तीन महिन्यांनी ही वही मुलाखतीला घेऊन जा. तुम्ही नक्की काय करू शकता, हे प्रमाणपत्रापेक्षा तिच्यातून जास्त कळेल.